विश्लेषण : ४२९ गुण असूनही कॅनडाचे बोलावणे का येत नाही?

पुण्यात आयटी कंपनीत काम करणारा एक २९ वर्षांचा अविवाहित अभियंता डोळ्यांसमोर आणा. बी.ई. झालेले, तीन वर्षांहून अधिक अनुभव, आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत त्याचे गुण होतात ४२९. आता याच मुलाला रायटिंगमध्ये ७ ऐवजी ६.५ मिळाले असे समजा. गुण थेट ३८४ वर येतात. एका निबंधातल्या अर्ध्या बँडची किंमत ४५ गुण!

गंमत म्हणजे या ४५ पैकी भाषेचे म्हणून जाणारे गुण फक्त ८ आहेत. बाकीचे ‘जोडगुणां’तून जातात. पदवी आणि चांगली भाषा एकत्र असेल तर २५, अनुभव आणि चांगली भाषा एकत्र असेल तर ५० गुण मिळतात. पण अट अशी की भाषेच्या चारही भागांत ती वरची पातळी हवी. एका भागात घसरलात की २५ चे १३ होतात आणि ५० चे २५. पदवी तीच, अनुभव तोच, तरी त्यांचे मोल कमी होते.

गुण म्हणजे पास होणे नव्हे

कॅनडाने गुणपद्धत आणली १९६७ मध्ये. त्याआधी अर्जदार कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा याला महत्त्व होते. नव्या पद्धतीत शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना मिळून १०० गुण ठेवले गेले आणि ५० मिळवणारा पात्र ठरू लागला. त्यातही १५ गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर होते, पण भारतासारख्या देशांतल्या शिकलेल्या माणसासाठी दार उघडले ते तेव्हा.

जानेवारी २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ आली आणि खेळच बदलला. आता पात्र उमेदवार एका यादीत जातात, १२०० पैकी गुणांवर त्यांचा क्रमांक लागतो आणि सरकार अधूनमधून फेरी काढून वरच्यांना अर्ज करण्याचे निमंत्रण देते. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडमधून गेलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. तुम्हाला किती मिळाले यापेक्षा इतरांना किती मिळाले आणि जागा किती, यावर सगळे ठरते.

इथेच अनेक कुटुंबांची फसगत होते. ‘६७ गुण मिळवा, कॅनडाला चला’ हे एजंटांचे आवडते वाक्य. ६७ चा आकडा खोटा नाही. कुशल कामगार योजनेच्या पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण आजही लागतात. पण त्याने मिळते ती फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी. खरी स्पर्धा १२०० च्या तक्त्यावर आहे आणि तो तक्ता वेगळा. शुल्क भरून झाल्यावर हे कळणे फार महागात पडते.

कट-ऑफ किती हलतो याची दोन टोके पाहा. १३ फेब्रुवारी २०२१ च्या फेरीत तो ७५ पर्यंत खाली आला आणि २७,३३२ जणांना निमंत्रण गेले. करोनामुळे सीमा बंद होत्या, म्हणून आधीच कॅनडात काम करणाऱ्यांनाच सामावून घेण्याचा तो निर्णय होता. २०२४ च्या जानेवारी ते एप्रिलमधल्या सर्वसाधारण फेऱ्यांत मात्र कट-ऑफ एकदाही ५२० च्या खाली आला नाही. तीन वर्षांत अर्जदार एवढे हुशार झाले नव्हते. सरकारची गरज बदलली होती. २०२५ साठीचे स्थायी निवासाचे लक्ष्यही ऑक्टोबर २०२४ मध्ये ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले.

वाढदिवस महागात

वयाचे गुण २० ते २९ या वर्षांत सर्वाधिक, म्हणजे ११०. तिसाव्या वाढदिवसाला १०५, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५० आणि ४५ ला शून्य. आपल्याकडे ज्या वयात माणूस टीम लीड होतो, त्या वयात तिथे त्याची किंमत उतरू लागते. भारतातल्या अनुभवाचेही तसेच. तीन वर्षे झाली की गुणांची मर्यादा संपते. हिंजवडीत तीन वर्षे काढा की दहा, फरक शून्य. कॅनडात केलेल्या एका वर्षाच्या नोकरीचे मात्र सरळ ४० गुण. म्हणून तर आधी विद्यार्थी म्हणून जाण्याचा खर्चिक मार्ग इतका रुळला.

लग्न झालेल्यांसाठी गणित आणखी वेगळे. जोडीदार सोबत जाणार असेल तर मुख्य अर्जदाराच्या गुणांना थोडी कात्री लागते. वरच्या उदाहरणातला ४२९ वाला विवाहित असता तर त्याचे ४०३ झाले असते. पत्नीने पदवीचे मूल्यांकन करून घेतले आणि आयईएलटीएसमध्ये तीच पातळी गाठली, तर २८ गुण परत येतात आणि बेरीज ४३१ होते. ‘तू कशाला परीक्षा देतेस, अर्ज तर माझा आहे’ हे वाक्य त्यामुळे अंगलट येते. शिवाय पत्नी वयाने लहान आणि जास्त शिकलेली असेल तर मुख्य अर्जदार तीच असणे शहाणपणाचे. घरात हे पचायला थोडा वेळ लागतो, एवढेच.

हे गुणवत्तेचे माप आहे का?

या पद्धतीची बाजू घ्यायची तर एक गोष्ट मान्य करावी लागेल : नियम उघड आहेत. कोणीही घरी बसून आपली बेरीज करू शकतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा हे शंभर पटींनी बरे. पण तिला गुणवत्तेचे माप म्हणणे चूक. त्याच पदवीवर गुण घेऊन पोहोचलेल्या अभियंत्याला तिथे स्वतंत्रपणे ‘इंजिनीअर’ म्हणून काम करायचे तर प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना पुन्हा काढावा लागतो. प्रवेशाच्या तक्त्यात मोजलेले शिक्षण कामाच्या ठिकाणी आपोआप मोजले जात नाही.

आणि नियम उघड असले तरी स्थिर नाहीत. कॅनडातील नोकरीच्या प्रस्तावाला ५० किंवा २०० गुण मिळत. त्यासाठीच्या कागदपत्रांची विक्री होऊ लागल्याने २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकण्यात आले. यादीत आधीपासून असलेल्यांचेही. प्रामाणिकपणे नोकरी मिळवलेला त्यात भरडला गेला, ही बाब पुरेशी बोलली गेली नाही.

२०२३ पासून ठरावीक गटांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात. आरोग्यसेवा, सुतार-प्लंबरसारखे कारागीर आणि फ्रेंच जाणणारे. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच फेरीत ७,५०० जणांना निमंत्रण गेले आणि कट-ऑफ होता ३७९.

म्हणजे रायटिंगमध्ये घसरून ३८४ वर आलेला आपला अभियंता चारही भागांत कामापुरते फ्रेंच शिकला असता, तर त्या फेरीत बसला असता. फ्रेंचचे त्याला आणखी ६२ गुणही मिळाले असते. ती पातळी शून्यापासून गाठायला दोन वर्षे लागली असे धरले, तर तो ३१ चा होईल आणि वयाचे ११ गुण जातील. बेरीज ४३५. फक्त तोवर फ्रेंचची फेरी निघत राहायला हवी, आणि आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे चालतो, तेव्हा ती परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. रायटिंगसकट.