इथेनॉलचा हिशेब पाण्यात मांडा

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याची मूळ मुदत 2030 होती. देशाने ते 2025 मध्येच करून दाखवले. तेलाच्या आयातीवरचा काही भार त्यामुळे हलका झाला, हे मान्यच करायला हवे. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, इथेनॉलचे पैसे मात्र कारखान्यांच्या हाती लवकर येतात आणि त्यातून शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, भागवता येते. पण हा सगळा हिशेब रुपयांत मांडलेला आहे. महाराष्ट्रात तो पाण्यात मांडला पाहिजे. लागवडीच्या 4 टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस राज्यातले सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी पितो, हे कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचा 2021 चा आराखडा सांगतो. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यातही ऊस आहे आणि कारखानेही आहेत.

सगळे इथेनॉल मात्र सारखे नाही. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या सी-हेवी मळीपासून ते केले, तर त्यासाठी शेतात वेगळे पाणी लागत नाही. थेट रसापासून केले, तर त्या उसाचे सगळे पाणी इंधनाच्या खात्यावर पडते. तरीही 2024-25 मध्ये सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरमागे 57.97 रुपये आणि रसाच्या इथेनॉलला 65.61 रुपये दर होता. रस वापरला की साखरेवर पाणी सोडावे लागते, त्याची ही भरपाई, असे यावर सांगितले जाते. कारखान्याच्या ताळेबंदात ते बरोबर असेलही, पण धरणातून आणि विहिरीतून उपसलेल्या पाण्याला त्या ताळेबंदात रकानाच नाही.

ऊस तसाही पिकतोच, जास्तीची साखर सडवण्यापेक्षा जाळलेली बरी, हा आक्षेप वजनदार आहे. पण 2023 मध्ये पावसाने ओढ दिली आणि साखर कमी पडण्याच्या भीतीने डिसेंबरात सरकारला रसापासूनचे इथेनॉल थांबवावे लागले. त्याच भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने अडकले. शिवाय ऊस तसाच पिकत नाही. त्याला कायद्याने ठरलेला दर आहे, तूर-सोयाबीनच्या हमीभावाला तशी सक्ती नाही. म्हणून शेतकरी उसाकडे वळतो, आणि यात त्याची चूक नाही. मग मका? मक्याच्या इथेनॉलला 71.86 रुपये मिळाले आणि मका निर्यात करणारा देश 2024 मध्ये मका आयात करू लागला. कोंबड्यांचे खाद्यही महागले.

म्हणून मिश्रण 20 टक्क्यांवर थांबवावे, पाण्याच्या तुटीच्या खोऱ्यांत रसावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांना नवे परवाने देऊ नयेत आणि गोड ज्वारीला मक्यासारखा स्वतंत्र, चढा दर द्यावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर अनेक वर्षे काम केले आहे, 2018 च्या जैवइंधन धोरणातही त्याचे नाव आहे. सुमारे चार महिन्यांत कणसातून भाकरीचे धान्य, ताटातून इथेनॉलसाठी रस आणि उरलेल्या चोथ्यातून जनावरांची वैरण मिळते. पाणी उसाच्या मानाने फार थोडे. एकरी रस उसापेक्षा कमी पडतो आणि कापणीनंतर ताटे लगेच गाळावी लागतात, या अडचणी खऱ्या आहेत. पण खरिपाची ज्वारी ऑक्टोबरात, म्हणजे उसाचा हंगाम भरात येण्याआधी तयार होते. तेव्हा गाळपाची यंत्रे मोकळीच असतात.