कॅफे टाकण्याआधी एक वर्ष दुसऱ्याच्या किचनमध्ये उभे राहा



मागच्या व्हिडिओनंतर आपल्याच तालुक्यातल्या एका मुलाचा मेसेज आला. "ताई, बीकॉम झालोय. वडील चार लाख द्यायला तयार आहेत, चौफुल्याला कॅफे टाकायचा विचार आहे. पुण्यात एका बर्गरच्या रेस्टॉरंटमध्ये मॅनेजमेंटची अप्रेंटिसशिप पण मिळतेय, महिना नऊ हजार. पण धंदाच करायचाय तर दुसऱ्याकडे कशाला राबू?"

माझं मत स्पष्ट सांगते. चार लाख वर्षभर बँकेतच राहू द्या. आधी पुण्याला जा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी नेमकं उलटं केलं होतं. बीबीए झाल्या झाल्या वडिलांची पतसंस्थेतली ठेव मोडली, दीड लाख घेतले आणि केडगावात स्टेशन रोडला स्नॅक्सचं दुकान टाकलं. भाडं सहा हजार. गिऱ्हाईक होतं, वड्याला नावही होतं. तरी नऊ महिन्यांत शटर खाली आलं. गर्दी असायची आणि रात्री गल्ल्यात काही उरायचं नाही. का उरत नाही, हे मला सांगता यायचं नाही. बीबीएच्या पेपरात ब्रेक-इव्हन काढता यायचा, दुकानात नाही.

त्यानंतर मी पुण्यात एका फास्ट फूड रेस्टॉरंटमध्ये ट्रेनी म्हणून लागले. सकाळी दौंड-पुणे गाडीने जायचं, संध्याकाळी परत. तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं, माझे पैसे कुठे गेले ते.

वजनाचा हिशेब

तिथे प्रत्येक गोष्टीचं माप ठरलेलं. मी घरी येऊन माझ्या वड्याचा हिशेब मांडला. वडा 50 ग्रॅमचा धरला होता, हाताने वळताना 65 चा व्हायचा. रोज 200 वडे, म्हणजे 3 किलो भाजी जास्त. किलोला 45 रुपये धरले तर दिवसाला 135, महिन्याला 4,050. भाड्याच्या दोन तृतीयांश पैसे मी वड्यात भरून फुकट देत होते! गिऱ्हाइकाला ते कळतही नव्हतं.

दुसरी गोष्ट वेस्टेज शीट. फेकलेला प्रत्येक पाव, प्रत्येक पॅटी लिहायची. कोणी फेकली यापेक्षा किती वाजता फेकली हे महत्त्वाचं. आठ दिवसांचे कागद शेजारी ठेवले की दिसतं, दुपारी चारनंतर माल जास्त बनतोय. मग चारनंतर कमी बनवायचं.

तिसरी, माल लावायची पद्धत. जुना पुढे, नवा मागे, प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी. चौथी, शिफ्ट बदलताना गल्ला दोघांनी मोजायचा आणि फरक लिहायचा. पाचवी, कोणत्या तासाला किती माणसं लागतात ते विक्री बघून ठरवायचं. माझ्या दुकानात सकाळी अकराला तीन पोरं बसून असायची आणि संध्याकाळी सहाला मी एकटी.

मॅकडोनाल्ड्स भारतात 1996 मध्ये आलं, पण त्यांनी अमेरिकेत मॅनेजर घडवायची शाळा 1961 मध्येच काढली होती. ज्या फ्रेड टर्नरने ती उभी केली, तो 1956 मध्ये ग्रिलवर काम करत आत आला आणि पुढे कंपनीचा प्रमुख झाला. आपल्याकडे जम्बो किंगने 2001 मध्ये मालाड स्टेशनबाहेर वडापावच विकायला घेतला. पदार्थ गाडीवरचाच, पण त्याच्या शाखा निघाल्या. शाखा चवीवर निघत नाहीत, ठरलेल्या पद्धतीवर निघतात.

पण डोळे उघडे ठेवून जा

अप्रेंटिसशिपच्या नावाखाली स्वस्तात मजूर घेणारेही आहेत. माझ्या ठिकाणी पहिले तीन महिने मला फ्रायर आणि फरशी, एवढंच दिलं. मी स्वतः जाऊन म्हटलं, "सर, मला ऑर्डरिंग आणि रोस्टर शिकायचंय." तेव्हा कुठे मिळालं. न मागता कोणी देत नाही.

म्हणून सही करण्याआधी हे बघा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने तुम्ही प्रशिक्षणार्थी असता, कामगार नाही. करार लेखी हवा, सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. त्यात ट्रेड कोणता लिहिलाय ते वाचा. 2019 च्या नियमांनी पदवीधराला किमान 9,000 रुपये स्टायपेंड ठरवला. केंद्राच्या 2016 च्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार देतं. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. आणि करारात लिहिलं नसेल तर वर्षानंतर नोकरी द्यायला मालक बांधील नसतो. आपल्याला ती नकोच आहे, पण माहीत असू द्या.

तिथे काय शिकायला मिळत नाही, तेही सांगते. माल कंपनीच्या गाडीतून येतो, त्यामुळे खरेदी शिकता येत नाही. सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डात जा, कांदा-बटाट्याचे भाव वहीत लिहा. आणि उधारी! "ताई, लिहून ठेवा, पट्टी आली की देतो," असं म्हणणारं गिऱ्हाईक तिथल्या काउंटरवर येत नाही. केडगावात रोज येतं. ते आपलं आपणच शिकायचं.

"पदवी घेऊन हॉटेलात फडकं मारतोय," असं नातेवाईक म्हणतील. माझ्या मावशीने तर आईला फोन करून विचारलं होतं. म्हणू द्या. दुकान बुडाल्यावर तेच लोक "आधी शिकायला नको होतं का?" असंही म्हणतात. मी दोन्ही ऐकलंय.

नऊ हजारात पुण्यात खोली घेऊन भागत नाही, हे खरं. केडगाव, यवत, पाटसच्या मुलांनी रेल्वेचा पास काढावा. ज्याच्या घरी आजच पैसे आल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याला मी हा सल्ला देणार नाही. त्याने छोटी गाडी लावावी, पण पहिल्या दिवसापासून वजनकाटा आणि वेस्टेजची वही ठेवावी.

बाकीच्यांनी जाताना बाहेर पडायची तारीख आधीच ठरवा. एक वर्ष, जास्त नाही. रोज रात्री एक पान लिहा, आज काय पाहिलं आणि माझ्या दुकानात ते कसं करीन. त्यांच्या सॉसची रेसिपी चोरू नका. ती त्यांची आहे, आणि तिने तुमचं दुकान चालणारही नाही.

माझं दुसरं दुकान त्याच रोडला आहे. आकाराने पहिल्यापेक्षा लहान. काउंटरच्या मागे वजनकाटा आहे आणि वडा 50 ग्रॅमचाच आहे. वडिलांची ठेव मी परत केली, पण त्याला चार वर्षं लागली. तुमच्या वडिलांचे चार लाख अजून शाबूत आहेत. ते तसेच ठेवा आणि आधी शिकून या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा.