खरं, ती तिथं गेलीच कशाला?

गेले चार महिने माझा मुक्काम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. 'पंचतारांकित' ऐकलं की पुण्यातले मित्र म्हणतात, मजा आहे बुवा तुझी! मजा कसली... एका फाउंड्रीत आमचं सॉफ्टवेअर बसवायचं काम चालू आहे. सकाळी कोल्हापुरातून कंपनीच्या बसने यायचं, दिवसभर धूळ, उकाडा आणि युजर्सच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी हायवेचे दिवे बघत परत जायचं. जमेची बाजू एकच, कॅन्टीनमधला कट-वडा.

तर मागच्या आठवड्यात याच कॅन्टीनमध्ये टीव्हीवर बलात्काराची बातमी चालू होती. कुठली ते मुद्दाम सांगत नाही. दर महिन्याला एखादी असतेच. माझ्या समोर कॉन्ट्रॅक्टवरचा एक पोरगा बसला होता, वय बावीस-तेवीस. एकदम चांगला मुलगा. आमच्या स्क्रीनवर एंट्री करायला सगळ्यात आधी हाच शिकला. तो हळहळून म्हणाला,

"लई वाईट झालं बघा सर. खरं, ती एवढ्या रातचं तिकडं गेलीच कशाला?"

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: इथे 'खरं' म्हणजे 'पण'. मलाही हे कळायला आठवडा लागला होता.)

शेजारचे सुपरवायझर म्हणाले, "आणि चार दिवस गप का बसली मग? हल्ली खोट्या केसेसबी लई असत्यात." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात गो-लाइव्ह, कशाला उगाच वाद, असा सोयीस्कर विचार करून वडा संपवला.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. हा पोरगा रोज पहाटे पाचला उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळतो, संध्याकाळी गोळाफेकीचा सराव करतो. पोलीस भरती! इकडच्या प्रत्येक गावात अशी पोरं आहेत आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. हा निवडला गेला तर चार-दोन वर्षांत कुठल्यातरी ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या शेजारी बसलेला असेल. समोर एखादी मुलगी येईल, आणि हा तिला काय विचारेल?

ते मला माहीत आहे. कारण तो प्रश्न मी एकदा ऐकलाय. आणि विचारलासुद्धा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शहर दुसरं, नोकरी दुसरी. टीममधल्या एका मैत्रिणीवर ओळखीतल्याच माणसाने गाडीत जबरदस्ती केली होती. तिने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "पण तू त्याच्या गाडीत बसलीसच कशाला?" ती काही बोलली नाही. मग मी शहाणपणा सुचल्यासारखा म्हणालो, चल, तक्रार करू.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसलो. मग प्रश्न सुरू झाले. लग्न झालंय का? घरी माहितीय का? हे कोण तुमचे? (हे म्हणजे मी.) त्याची-तुमची आधीपासून ओळख होती ना, मग? तीन दिवस काय करत होता? आजूबाजूला चार माणसं ये-जा करत होती, एक जण तर खुर्ची ओढून ऐकायलाच बसला. शेवटी साहेब अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा मॅडम, कोर्टकचेरीत नाव खराब होतं. घरच्यांशी बोला, विचार करा, उद्या या."

ती उद्या गेली नाही. परवाही नाही. दोन महिन्यांत नोकरी सोडून गावी गेली. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मी पोलिसांच्या नावाने बोटं मोडत होतो, तेव्हा ती शांतपणे एवढंच म्हणाली, "त्यांनी विचारलं ते तूही विचारलंच होतंस की."

त्या साहेबांना तरी मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

आता आमच्या धंद्यातलं बोलतो. युजरने प्रॉब्लेम कळवला की पहिलं काम तो नोंदवणं. मग तपास. आम्ही मात्र काय करतो? "तुम्ही ते बटण दाबलंतच कशाला?" म्हणून त्याच्यावरच खेकसतो. असं चार वेळा झालं की युजर कळवणंच बंद करतो. मग मॅनेजर खूश, या महिन्यात एकही तक्रार नाही! सिस्टीम मात्र आतून सडत असते. 'तिने तक्रार केली नाही, म्हणजे काही झालंच नाही' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला तो मॅनेजर आठवतो. बाईच्या गप्प बसण्याला आपण तिच्याविरुद्धचा पुरावा समजतो. खरं तर तो आपल्या प्रश्नांचा परिणाम असतो.

"लगेच सांगितलं असतं तर कोणीही विश्वास ठेवला असता," असं म्हणणाऱ्यांना मथुरा खटला माहीत असायला हवा. मीही तो नीट वाचला तो या कॅन्टीनप्रकरणानंतर. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं. तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. आई-वडील नसलेली, चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. भावाच्या तक्रारीवरून चौकशीसाठी तिला रात्री ठाण्यात आणलं होतं. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं. एका कॉन्स्टेबलने तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने तिच्या अंगाशी चाळे केले, असा आरोप होता. ती बाहेर आली आणि तिथल्या तिथे सांगितलं. लोक जमले, तक्रार नोंदवली गेली, दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी झाली. म्हणजे 'आदर्श' पीडितेने जे जे करावं असं आपण म्हणतो, ते सगळं तिने केलं.

पुढे? १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि तिलाच खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय होती म्हणून. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली. भीतीने निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, इतकी साधी गोष्ट हायकोर्टाने सांगितली. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं! पोलीस ठाण्यात, रात्री, दोन पोलिसांसमोर त्या पोरीने नेमकी किती मारामारी करायला हवी होती?

पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर कोर्टाने ते धरून चालायचं. मथुरेला स्वतःला मात्र या बदलाचा काहीच उपयोग झाला नाही.

"अंगावर ओरखडासुद्धा नाही" हे अजून ऐकू येतं, म्हणून थोडं शास्त्र. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासकांनी बलात्कारानंतर उपचारांना आलेल्या २९८ स्त्रियांशी बोलून एक पेपर छापला. त्यांतल्या ७० टक्के जणींचं शरीर हल्ल्याच्या वेळी बऱ्याच अंशी गोठून गेलं होतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही. हातपाय न हलणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, होकार नव्हे.

आता "एवढ्या रात्री". एप्रिल २००५, मुंबई. मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत, दिवसाढवळ्या, एका कॉन्स्टेबलने एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला. पुढच्या वर्षी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत दिवसा यापेक्षा सुरक्षित जागा कुठली सांगणार होतो आपण तिला? आणि अनोळखी माणूस, अंधारी गल्ली हे चित्र तर सिनेमातलंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. मग तिसऱ्या दिवसापर्यंत बाई का गप्प बसते, यात न कळण्यासारखं काय आहे? ती ज्याच्याविरुद्ध बोलणार, तो तिच्या घरात जेवून गेलेला असतो.

कायदे झालेच नाहीत असं नाही. फिर्यादीचं चारित्र्य काढायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम २००३ मध्ये गेलं. २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर, अशी तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या १९९ कलमात आहे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हेही स्पष्ट झालं. 'दोन बोटांची चाचणी' चुकीची आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. आता कुठल्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, तक्रार द्यायची सोय आहे. बाईची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावी असा नियम आहे.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं? शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या आई-वडिलांना ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, अधिकारी निलंबित झाले. त्या ठाण्याच्या प्रमुख बाईच होत्या, म्हणजे नुसती महिला अधिकारी बसवून भागत नाही. आणि चार वर्षांच्या पोरीच्या बाबतीत आपण काय विचारणार आहोत? कपडे कसले होते?

"पण खोट्या तक्रारीही असतात की!" असतात. विम्याच्याही असतात, चोरीच्याही असतात. त्यासाठीच तपास आणि कोर्ट आहे. तक्रार लिहून घेणं म्हणजे आरोपीला फाशी देणं नव्हे. गाडी चोरीला गेली म्हणून गेलात तर कोणी विचारतं का, एवढी चांगली गाडी घेतलीतच कशाला? आधी नोंदवा, मग तपासा. बाईचं म्हणणं पुराव्याने तपासा, तिच्या वागण्याच्या प्रमाणपत्राने नको.

मला वाटतं, १९८३ पासून आपण कायदा बदलतोय आणि प्रश्न मात्र तोच ठेवलाय. कारण तो प्रश्न पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, तो आपण शिकवतो. घरी, कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये वडा खाताना. ठाण्यात बसलेला माणूस आपल्यातूनच भरती झालेला असतो. खाकी नंतर चढते, 'खरं' आधीच येतं.

शुक्रवारी त्या पोराला चहाला घेऊन गेलो. भाषण दिलं नाही. मैत्रिणीची गोष्ट सांगितली, माझ्या पहिल्या वाक्यासकट. देसाईगंजचं सांगितलं. १९९ कलम सांगितलं तेव्हा तर त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलं, म्हणाला परीक्षेला येईल. मी हसलो. मग तो बराच वेळ गप्प होता. कप ठेवताना म्हणाला,

"मग सर, पयल्यांदा इचारायचं काय?"

मला पटकन सुचेना. इतकी वर्षं काय विचारू नये एवढंच घोकत आलो होतो. म्हटलं, आधी बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, बघ्यांना बाहेर काढायचं. मग, कुठं लागलंय का, दवाखान्यात जायचंय का, सोबत कोणी हवंय का, एवढंच विचारायचं. नंतर काय झालं ते तिला सांगू द्यायचं आणि जसं सांगेल तसं लिहून घ्यायचं.

"आणि कशाला गेलती, ते?"

"ते त्याला विचारायचं. ज्याने केलं त्याला."

त्याला किती पटलं ते माहीत नाही. सोमवारी पुन्हा सातची बस आहे. सुपरवायझरही त्याच टेबलावर असतील आणि टीव्हीही चालू असेल. यावेळी मात्र वडा खाऊन गप्प उठायचं नाही, एवढं ठरवलंय.