टोपीत पांढरा रंग नाही

एका वाचकानं या आठवड्यात मला फोनवर व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं एक चित्र पाठवलं. न्यूनेन या डच खेड्यातली शेतकरीण, गोर्डिना द ग्रोट, डोक्याला पांढरी टोपी, साल 1885. पण कुठल्याशा ॲपनं तिच्या चेहऱ्यावरची सावली झाडून काढली होती. गाल गुलाबी, डोळ्यांत चमक, टोपी साबणाच्या जाहिरातीतली. कानांत डूल घालायचे तेवढे राहिले होते. खाली शेरा: ‘आता कुठे बाई नीट दिसली!’

वाचक सज्जन आहेत, हेतूही चांगला आहे. राग त्यामुळेच जास्त आला.

टोपीपासूनच सुरुवात करू. ‘बटाटे खाणारे’ हे चित्र करताना व्हिन्सेंटनं आपली कृती भाऊ थिओला पत्रातून कळवली होती. पांढरा रंग त्यानं जवळजवळ वापरलाच नव्हता. व्हर्मिलियन, पॅरिस ब्लू आणि नेपल्स यलो, म्हणजे तांबडा, निळा आणि पिवळा एकत्र कालवून होणारा राखाडी त्यानं घेतला. हा राखाडी पॅलेटवर चांगलाच काळपट असतो. चित्रात मात्र तो पांढरा वाटतो, कारण आजूबाजूचं सगळं त्याहून काळं असतं. 1884-85च्या हिवाळ्यात त्यानं शेतकऱ्यांची पन्नास डोकी रंगवायचं मनावर घेतलं आणि चाळीसच्या वर रंगवली, गोर्डिना त्यांतलीच; ती सगळी याच चित्राची तालीम होती. संध्याकाळी झोपड्यांतून दिव्याच्या उजेडात तो काम करायचा, पॅलेटवरचे रंग धड दिसत नसताना. अशा अंधारातल्या टोपीचा शेजार काढून घेतलात की तिचा पांढरेपणाही गेला. ॲपला हे कोण सांगणार? त्याला राखाडी दिसला, त्यानं तो पांढरा केला. आणि एकदा टोपी पांढरीशुभ्र झाली की खालचा चेहरा गोरा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. गोरेपणाचं आपल्याला असलेलं वेड मी इथे काढत नाही.

पण एकट्या ॲपला कशाला बोल लावायचा? शेतकरणीवर असा उजेड पाडायची हौस फोनहून पुष्कळ जुनी आहे. फ्रेंच चित्रकार ज्यूल ब्रेताँचं ‘चंडोलाचं गाणं’ घ्या. ते 1884चं, म्हणजे गोर्डिनाच्या चित्राहून जेमतेम वर्षभरानं थोरलं, आणि आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. शेतातली अनवाणी तरुणी, हातात विळा, तोंड किंचित उघडं, वर गाणाऱ्या पक्ष्याकडे लागलेले कान. मागे क्षितिजावर लालभडक सूर्य. आता सूर्य पाठीमागे असला तर चेहरा काळवंडायला हवा, हे पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतलेलं पोरही सांगेल. ब्रेताँच्या पोरीचा चेहरा, गळा, दंड सगळं व्यवस्थित दिसतं. निसर्गानं सोय केली नाही ती चित्रकारानं केली. आणि चित्र वाईट आहे म्हणावं तर तसंही नाही. पायांखालची माती, विळा धरलेली मूठ, जाड कापडाचा घागरा, यांत खोट काढायला जागा नाही. खोट सूर्यात आहे. तो तिच्यासाठी उगवलाय, आणि तिच्याबद्दल आपल्याला काय वाटावं हे आपण वाटून घेण्याआधीच ठरवून मोकळा झालाय. 1934 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं घेतलेल्या मतदानात अमेरिकेचं सर्वांत लाडकं चित्र म्हणून हेच निवडून आलं. लोकांना सूर्य आवडतो. आपल्याकडचे लग्नाआधीचे फोटो काढणारे लोक मावळतीला जोडप्यांना उसाच्या फडात उभं करतात, ते याच ब्रेताँच्या घराण्यातले, अशी माझी पक्की समजूत आहे. पुरावा मागू नका.

गोर्डिनाला सूर्य नाही. उजेड आहे तो एका झोपडीला परवडेल एवढा. तो कपाळावर पडतो, नाकाचा दांडा आणि गालाचं हाड पकडतो, जाड ओठांवर जरा रेंगाळतो आणि संपतो. डोळे जवळजवळ सावलीत. ती सावलीही नुसती काळी नाही. हिरवट, तपकिरी, निळसर असे जाड रंगाचे फटकारे तिथे एकमेकांवर बसलेत. म्हणजे बाईचा निम्मा चेहरा सावलीनंच घडवलाय. ती काढली की वाचकांना ‘नीट’ दिसली ती गोर्डिना नव्हेच. ब्रेताँच्या चित्रापुढे आपण नुसतं उभं राहायचं, बाकी तो बघून घेतो. इथे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलं की बाई उलट आपल्याकडे बघते. ती प्रसन्न नाही. तिनं का असावं?

गंमत अशी की व्हिन्सेंटला ब्रेताँ फार आवडायचा. 1880 साली बेल्जियममधल्या बोरिनाजच्या खाणपट्ट्यातून बरीचशी पायपीट करत तो फ्रान्समधल्या कुरिएरला ब्रेताँचा स्टुडिओ बघायला गेला होता. नव्याकोऱ्या विटांची ती शिस्तशीर इमारत बघून त्याचा विरस झाला आणि आत न जाताच तो परतला. या प्रसंगातून फार अर्थ काढू नये, असं अभ्यासक सांगतात. मी काढतो.

मराठी माणसाचं छायाप्रकाशाचं शिक्षण म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रकार हळदणकरांच्या चित्रातल्या दिवेवालीवर झालेलं आहे, हेही खरं. दिवा हातात, उजेड चेहऱ्यावर, मागे अंधार. जलरंगात ती करामत कुणाला जमणार नाही, माझा दंडवतच आहे. पण त्या चित्रात अंधार चाकरीला आहे. न्यूनेनला तो घरचा माणूस आहे. त्याच मापानं गोर्डिना मोजायला गेलं की ती ‘काळपट’ भरते. पॅरिसला थिओकडे हीच तक्रार जात होती, आणि मित्र व्हान राप्पार्डनं तर ‘बटाटे खाणारे’च्या शिळाछापावर इतकं तोंड टाकलं की मैत्रीच तुटली. पुढे गोर्डिनाला दिवस गेले, संशय चित्रकारावर आला, आणि गावच्या पाद्र्यानं लोकांना चित्रासाठी बसू नका म्हणून पैसे देऊ केले. माणसं बसायची थांबली.

2022 साली एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात याच मालिकेतल्या एका शेतकरणीचा एक्स-रे काढला. ही बाई गोर्डिनाच असावी असं मानतात. कॅनव्हासच्या पाठीवर, पुठ्ठ्याखाली, व्हिन्सेंटचं स्वतःचं चित्र सापडलं आणि जगभर बातमी झाली. बातमी अर्थातच पाठीवरच्या माणसाची. पुढच्या बाईला त्या बातम्यांत वाक्यभर जागा मिळाली तरी पुष्कळ. मुलाबाळांकडे म्हणून तिकडे जाणारे वाचक बरेच आहेत. गेलात तर आधी पुढची बाजू बघा, आणि डोळे सरावल्याशिवाय हलू नका.