दोन रात्री जागली, त्यात कौतुक कसलं?

गेल्या महिन्यात डिचोलीला मुंजीच्या पंगतीत माझी लेक बसल्या बसल्या झोपली. हातात वरणभाताचा घास तसाच. ती गोव्याबाहेरच्या एका कॉलेजात एमडी करते. सलग छत्तीस तासांची ड्यूटी संपवून रात्रीच्या बसने आली होती. आमच्या वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "दोन दिवस डोळ्याला डोळा नाही हो पोरीचा! याला म्हणतात डॉक्टर." खोटं कशाला बोलू, मीसुद्धा सुखावले.

पेडण्याला परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, राउंडला सर शिकवतात ते कानावर पडतं, पण डोक्यात राहत नाही. परवा एक डोस तीनदा मोजला, तिन्ही वेळा वेगळा आला. सिस्टरनी धरलं म्हणून निभावलं."

जागरणाचं अप्रूप आम्हा पेडणेकरांना कोणी सांगू नये. दशावतार बघत पहाट करणारी माणसं आम्ही. पण दहीकाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पाडेल्याला माडावर चढू देत नसत. "आधी जाऊन झोप. माड काय पळून जात नाही." नारळासाठी एवढी अक्कल होती, माणसाच्या जिवासाठी का नाही?

१९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी मोजून दाखवलं की चोवीस तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ, रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्यासारखा बिघडतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ०.०३ टक्के! अशाने स्कूटरला हात लावला तर पोलीस धरतील, सलाईनला मात्र चालतो. शिवाय दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. झोपच तोडली तर ती पोरं शिकतात काय? नुसती राबतात.

"आम्ही पण असंच केलं," असं जुने डॉक्टर सांगतात. केलंत हो, पण तेव्हा किती चुका झाल्या ते कोणी मोजलं? रात्री पेशंट कोण बघणार, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर जास्त माणसं नेमणं आणि पाळ्या लावणं. सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्र सरकारनं १९९२ सालीच लिहून ठेवलंय.

मी कॉलेजला पत्र लिहिलं. लेक म्हणाली, "पाठवू नकोस गो आई, परीक्षा त्यांच्याच हातात आहे." पत्र कपाटात आहे. म्हणून इथे लिहितेय, आणि तुमच्या घरात असं पोर असेल तर आज त्याला पहिलं विचारा, झोपलास कधी?