अर्जदार आणि याचक

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या सेवासंस्थांना आज पैसा कोणापाशी मागावा आणि कोणत्या शब्दांत मागावा, असा पेच पडला आहे. पेच दूरदेशीचा असला तरी आमच्या वाचकांनी तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. १९४६ साली डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची चौकशी करणाऱ्या परमपूज्य बाबासाहेबांनी ही दृष्टी आपणांस पूर्वीच दिली आहे.

तेथे ‘कम्युनिटी फाउंडेशन’ नावाचा संस्थाप्रकार आहे. एका शहरातील किंवा प्रांतातील अनेक दात्यांच्या देणग्या एका निधीत जमा करावयाच्या आणि त्यातून तेथील सार्वजनिक कार्यांस अनुदाने द्यावयाची, अशी त्याची रचना असते. पहिले असे फाउंडेशन १९१४ साली क्लीव्हलंड येथे फ्रेडरिक गॉफ यांनी काढले. हे गृहस्थ मूळचे वकील, पुढे बँकेचे अध्यक्ष झाले. मेलेल्या दात्याच्या इच्छापत्रामुळे पैसा कालबाह्य हेतूस कायमचा जखडून राहतो, ही गोष्ट त्यांना खटकत होती. म्हणून हेतू बदलण्याचा अधिकार त्यांनी हयात नागरिकांच्या समितीकडे दिला. कल्पना उत्तम, पण त्या समितीच्या खुर्च्यांवर कोण बसणार? २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाल्यानंतर मिनेसोटा प्रांतात कृष्णवर्णीयांनी स्वतःच चालविलेले ‘ब्लॅक कलेक्टिव्ह फाउंडेशन’ उभे राहिले, ते याच प्रश्नातून.

अशा दारी जाणाऱ्या संस्थेपाशी करमाफीचा दाखला, संचालकांची यादी, अंदाजपत्रक आणि तपासलेले हिशेब मागितले जातात. दाखला नसेल तर दुसऱ्या नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली अर्ज करावा लागतो आणि ती संस्था आपला हिस्सा कापून घेते. म्हणजे ज्याच्यापाशी हिशेबनीस ठेवण्यापुरता पैसा आधीच आहे, त्यालाच पैसा सुलभ! २०२० साली ब्रिजस्पॅन व एकोइंग ग्रीन या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, तुल्य योग्यतेच्या अर्जदार संस्थांमध्येही कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आहे. आणि स्वतःच्या विचाराने खर्च करता येईल असा त्यांचा मुक्त निधी तर तब्बल ७६ टक्क्यांनी कमी आहे. वाचकहो, या दोन आकड्यांतील अंतर नीट पाहा. दाता एक वेळ पैसा देतो. विश्वास मात्र देत नाही. या कामाला द्या, त्या कामाला देऊ नका, भाड्याला नको, पगाराला नको! कार्यकर्ता पोटाला काय खाणार, हा रकाना त्या अर्जात नसतो.

अटींचे अनुदान आम्हांस अपरिचित नाही. बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेस पाठविले, हे त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. परंतु त्या शिष्यवृत्तीला संस्थानच्या दहा वर्षांच्या नोकरीचा करार जोडलेला होता. तो पाळण्यासाठी बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहावयास घर मिळाले नाही. करार पाळणाऱ्यास छप्पर देण्याची अट मात्र कोणावरच नव्हती!

आता कायद्याची गोष्ट. अटलांटा येथील ‘फिअरलेस फंड’ ही संस्था कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या उद्योगांना स्पर्धेद्वारे २०,००० डॉलरचे अनुदान देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने तिच्यावर दावा लावला. आधार कोणता घेतला? १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा! गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांप्रमाणे करार करता यावा म्हणून जो कायदा झाला, तोच त्यांच्या पणतींना मिळणाऱ्या मदतीच्या आड उभा करण्यात आला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाच्या तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी ही स्पर्धा तात्पुरती रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. यात एक बारकावा आहे व तो प्रत्येक अर्जदाराने ध्यानी ठेवावा. स्पर्धेच्या मूळ नियमांतच, भाग घेणे म्हणजे करार करणे होय, असे लिहिलेले होते. विरोधकाने नेमके ते वाक्य पकडले. दानाचा कागद कराराच्या भाषेत लिहिला नसता, तर दावा इतका सोपा झाला नसता, असे आमचे मत आहे.

समतेचे कलम वंचितांवरच उलटविण्याचा हा प्रकार आपल्याकडेही घडून गेला आहे. १९५१ साली चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात मद्रास सरकारची महाविद्यालयीन जागांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. बाबासाहेब त्या वेळी कायदेमंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ (४) आले आणि दुर्बल वर्गांसाठी खास तरतूद करणे म्हणजे समतेचा भंग नव्हे, हे घटनेतच लिहिले गेले. अमेरिकेच्या घटनेत असे कलम नाही. तेथील आमच्या बांधवांना आज अर्जात आपला वर्ण मागे ठेवून आपले काम पुढे मांडावे लागते. ज्या वर्णामुळे दारे बंद झाली, त्याचा उच्चार दार ठोठावताना करावयाचा नाही, ही विटंबना खरी. तथापि काम बंद पडू देण्यापेक्षा शब्द बदलणे बरे, असेच आम्ही म्हणू. कोणत्या वस्तीत, कोणती उणीव, किती कुटुंबे, हे सत्य कोणत्याही न्यायालयाला पुसता येणार नाही.

पण केवळ अर्जावर विसंबून ती माणसे कधीच जगली नाहीत. १९१२ ते १९३२ या काळात ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या अनुदानातून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या. त्यांच्या निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले. गरीब कृष्णवर्णीयांनी आपल्या खिशातून सुमारे ४७ लाख डॉलर जमविले. शाळांना नाव मात्र रोझेनवाल्ड यांचे पडले. असो. १९५५-५६ च्या मॉन्टगोमेरी येथील बसबहिष्काराच्या वेळी जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी इतर स्त्रियांना जमवून खाद्यपदार्थ विकले आणि तो पैसा लढ्यास दिला. देणाऱ्यांची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी मंडळाचे नावच ‘कोठूनही नाही’ अशा अर्थाचे ठेवले होते. पैसा कोठून आला, असे कोणी विचारल्यास उत्तर तयार! त्या पैशाला अट नव्हती, म्हणून तो मोटारींच्या पेट्रोललाही चालला.

१९५६ साली नागपूरच्या दीक्षासमारंभात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याविषयी सांगितले. आपल्यापैकी किती घरांतून तो नियमाने निघतो? आणि निघाला तर त्याचा हिशेब कोठे लिहिला जातो? वसतिगृहे, वाचनालये आणि विहार चालविणाऱ्या आपल्या अनेक समित्याही उद्या अशा दारांवर अर्ज घेऊन जातील, जावेच. त्यापूर्वी ज्या समितीचे गेल्या वर्षाचे लेखे अद्याप तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झालेले नसतील, तिने हे काम वर्षावास संपण्याच्या आत हातावेगळे करावे आणि जमाखर्चाची एक प्रत विहाराच्या दारावर लावावी.