पाच किलोमीटर म्हणजे नेमके किती?

कोल्हापुरात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की सकाळच्या धुक्यात पेटवलेल्या पाचटाचा आणि गुऱ्हाळांचा धूर मिसळतो. थंडीत वर उबदार हवेचे झाकण बसल्याने तो पंचगंगेच्या खोऱ्यातच रेंगाळतो. रस्त्यावरच्या माणसाला त्याने खोकला येतो. उजळाईवाडीवरून छोटे विमान घेऊन निघालेल्या खासगी वैमानिकापुढे मात्र वेगळाच प्रश्न असतो : दिसते आहे ते किती लांबचे?

केवळ नजरेच्या भरवशावर उडायचे तर दहा हजार फुटांखाली किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. विमानतळाकडून मिळणारा आकडा जमिनीवरून आडवे पाहून काढलेला असतो. वैमानिक पाहतो तिरपे, धुरकट थराच्या आरपार. त्यामुळे खाली पाच किलोमीटर असताना वर तीनच मिळू शकतात. सरळ खाली पाहिले तर नजरेला थर थोडाच कापावा लागतो. शेते, रस्ते स्वच्छ दिसतात आणि हवा चांगली आहे असे वाटते. फसगत होते ती इथेच. त्यातच धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. सूर्य समोर आला की तेच धुके दुप्पट दाट भासते.

डोळाही दगा देतो. समोर पाहण्याजोगे काही नसले की तो नकळत एक-दोन मीटरवर स्थिरावतो आणि दूरचे विमान समोर असूनही जाणवत नाही.

शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा दिसला तर चिंता नाही. पण दिसला नाही, तर दृश्यमानता पंधरा की तीन हे त्यावरून कळत नाही. घड्याळ जास्त खरे बोलते. कारखान्याची चिमणी पहिल्यांदा दिसली की सेकंद मोजायला लागावे. जमिनीसापेक्ष वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर असेल, तर पाच किलोमीटरला सुमारे ९७ सेकंद लागतात. मिनिटातच चिमणी खाली आली, तर दृश्यमानता जेमतेम तीन किलोमीटर. अर्थात तोवर विमान त्या धुरकटात शिरलेले असते. म्हणून निघताना जीपीएसवर पाच किलोमीटर होताच वळून धावपट्टी दिसते का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिले. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटेही नाहीत!

आपल्याकडे खासगी परवान्यासाठी किमान ४० तास उड्डाण लागते. त्यातल्या प्रत्येक फेरीत शिक्षकाने ‘आता किती दिसते?’ असे विचारावे आणि उत्तर घड्याळाने पडताळावे; त्याला वेगळा खर्च नाही. आणि वर खरोखर किती दिसले ते वैमानिकाने उतरण्याआधी रेडिओवर सांगावे. मागून येणाऱ्याला ते जमिनीवरच्या आकड्याहून अधिक उपयोगी पडते.